ॲसिट्रॉम, आयएनआर आणि कोथिंबिरीची जुडी

झडपवाला

पावसाळा सुरू झाला की आयएनआरच्या (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) ओपीडीत एक गोष्ट हमखास दिसते. चार महिने २.६-२.८ वर गुमान बसलेला आकडा अचानक १.६ येतो, नाहीतर थेट ५.२. मग सगळ्यांची पहिली उडी ॲसिट्रॉमच्या, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या गोळीच्या, डोसावर. अर्धी गोळी वाढवा, अर्धी कमी करा. पुढच्या आठवड्यात आकडा दुसऱ्या टोकाला, की परत उलटी उडी. महिनाभर हा झोपाळा चालतो. खरं कारण मात्र भाजीच्या पिशवीत असतं, जुलाबाच्या गोळीत असतं, नाहीतर चक्क रक्ताच्या नमुन्याच्या नळीत. म्हणून हा धागा काढतोय: डोसाला हात लावण्याआधी काय काय तपासायचं.

आधी गोंधळ मिटवू. "रक्त पातळ करायची गोळी" या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट्सवर काम करतात, त्यांना आयएनआर लागत नाही. इथे विषय आहे ॲसिट्रॉम (म्हणजे निकुमॅलोन, त्यालाच ॲसिनोकुमॅरॉल म्हणतात) आणि वॉर्फरिन यांचा. याही गोळ्या रक्त पातळ करत नाहीतच. गोठण्याचे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे घटक यकृतात तयार होताना के जीवनसत्त्व खर्ची पडतं. एरवी शरीर ते पुन्हा वापरात आणतं, गोळी ते येऊ देत नाही. घटक कमी, म्हणून गुठळी उशिरा.

कोणाला आयएनआर किती हवा, हे ढोबळ: अनियमित ठोके किंवा पायाच्या शिरेतली गुठळी यासाठी २ ते ३. महाधमनीच्या झडपेच्या जागी दोन पाकळ्यांची धातूची झडप असेल आणि बाकी काही जोखीम नसेल तर २ ते ३. मायट्रलच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. तिरकी होणारी एकच चकती असलेली झडप (श्रीचित्रा ही भारतीय बनावटीची झडप त्यातलीच) असेल तर तुमच्या सर्जनने फाइलवर लिहिलेला पल्लाच धरा, शेजारच्याचा नको. फाइलवर लिहिलेलाच नसेल तर पुढच्या भेटीत लिहून घ्या.

अजून एक. सातव्या घटकाचं आयुष्य छोटं, ४ ते ६ तासांत निम्मा होतो. दुसऱ्याला निम्मं व्हायला ६० ते ७२ तास लागतात. त्यामुळे आज डोस बदलून उद्या तपासलेला आकडा अर्धवट खरा असतो. सात नंबर हललेला असतो, दोन नंबर अजून जागचा हललेला नसतो.

गोरेगावची_गणिती

झडपवाला, रिपोर्टवर पीटी, कंट्रोल, रेशो, आयएसआय आणि शेवटी आयएनआर असे पाच आकडे असतात. बरेच जण पीटीचे सेकंदच आयएनआर समजून घाबरतात. ते जरा उलगडून द्याल का कोणी?

निळंझाकण

हा माझा प्रांत.

पीटी म्हणजे तुमचा प्लाझ्मा गोठायला लागलेले सेकंद. कंट्रोल म्हणजे निरोगी लोकांचे सरासरी सेकंद. पण गोठवायला वापरतो ते रसायन प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचे सेकंद दोन लॅबमध्ये वेगळे येणारच. त्यावर तोडगा म्हणून आयएसआय: त्या रसायनाच्या त्या बॅचची संवेदनशीलता. रेशोला आयएसआयचा घात दिला की आयएनआर.

उदाहरण घ्या. पेशंट ३० सेकंद, कंट्रोल १२. रेशो २.५. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.५. आयएसआय १.१ असेल तर २.७ च्या थोडं वर. म्हणजे "त्या लॅबमध्ये ३० सेकंद आले आणि या लॅबमध्ये २६" ही तुलना निरर्थक आहे. तुलना फक्त आयएनआरची. आणि तरीही शक्यतो एकच लॅब धरा, कारण ०.२-०.३ चा फरक दोन चांगल्या लॅबमध्येही पडू शकतो.

आता नळी. फिक्या निळ्या झाकणाची, आत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. प्रमाण नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट: २.७ मिली रक्ताला ०.३ मिली, छोट्या नळीत १.८ ला ०.२. नळीवर भरायची रेघ असते. शीर सापडली नाही, रक्त कमी आलं आणि तशीच अर्धी नळी पाठवली तर सायट्रेट जास्त पडतं, मशीनमध्ये टाकलेलं कॅल्शियम ते खाऊन टाकतं आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. चांगली लॅब असा नमुना परत पाठवते. घरी रक्त घ्यायला मुलगा आला की त्याच्यासमोर नळी बघा. रेघेपर्यंत भरली नसेल तर "दुसरी नळी घे" म्हणा, लाजू नका. भरल्यावर त्याने ती हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटीसुलटी करायला हवी. सरबतासारखी ढवळून घुसळायची नाही.

दुसरी भानगड मुंबईची खास. नमुना दहिसरला घेतला, मशीन असतं कुठेतरी अंधेरीत किंवा नवी मुंबईत, मध्ये बाइकवरची पेटी. पीटीचा नमुना साध्या खोलीच्या तापमानाला २४ तास चालतो. पण मे महिन्यात शहाणपणा म्हणून नळी थेट बर्फाच्या पॅकला टेकवून ठेवली की थंडीने सातवा घटक आपोआप जागा होतो आणि आकडा खोटा कमी येतो. शुगर-लिपिडच्या नळ्यांना थंडी चालते म्हणून हिलाही चालते असं नाही.

तेव्हा आकडा अनपेक्षित आला आणि पेशंट ठणठणीत असेल तर पहिली गोष्ट: त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा नमुना, लॅबमध्ये स्वतः जाऊन.

खालची_आळी

बोटाला टोचून घरी बघायचं मशीन मिळतं ते कितपत खरं?

निळंझाकण

खरं आहे, दोन अटींवर. पहिली: आणल्यावर आणि नंतर दर काही महिन्यांनी त्याच दिवशी लॅबचा आयएनआर काढून ताडून बघायचा. २ ते ४ च्या पट्ट्यात दोघांतला फरक ०.५ च्या आत हवा. दुसरी: आकडा ४ च्या वर गेला की मशीनवर निर्णय घ्यायचा नाही, शिरेतलं रक्त द्यायचं. वरच्या टोकाला ही मशीनं जास्तच दाखवायला लागतात. बोट कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा, लटकतं ठेवा, टोचल्यावर लगेच येणारा थेंब पट्टीला लावा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसलं की पेशींबाहेरचा द्रव त्यात मिसळतो. पट्ट्या महाग पडतात, ही खरी अडचण.

पालेभाजी

झडपवाला, भाजीच्या पिशवीचा उल्लेख केलात म्हणून लिहिते.

"ॲसिट्रॉम सुरू झाली, आता हिरवं बंद." हे वाक्य जिथे ऐकाल तिथे खोडून काढा. हिरवं पूर्ण बंद केलं की शरीरातला केचा साठा तळाला जातो. मग एका लग्नात पालक पनीर खाल्लं की आकडा धाडकन पडतो, दोन दिवस ताप येऊन जेवण सुटलं की धाडकन चढतो. रोज थोडं आणि रोज सारखं खाणाऱ्यांचा आकडा जास्त स्थिर राहतो.

के चे आकडे मनात असू द्या, कच्च्या १०० ग्रॅमला, मायक्रोग्रॅममध्ये, ढोबळ: राजगिरा-माठाच्या जातीचा पाला हजाराच्या वर, पालक पावणेपाचशेच्या पुढे, कोथिंबीर तीनशे, अळू शंभर, कोबी पाऊणशे, फरसबी चाळीस, भेंडी तीस, फ्लॉवर पंधरा, टोमॅटो आठ. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ९० ते १२०. शिजवल्याने के फारसं जात नाही, त्यामुळे "उकळून पाणी फेकलं" हा उपाय कामाचा नाही.

आता कोथिंबीर. आमटीवर भुरभुरलेली चिमूटभर, तीन-चार ग्रॅम, म्हणजे दहा-बारा मायक्रोग्रॅम. ती मोजायचीच नाही, खुशाल घाला. पण एका जुडीच्या कोथिंबीर वड्या चार जणांत वाटल्या तर एका पानात साधारण ७५. एका बसण्यात जवळजवळ दिवसाचा कोटा. खाऊ नका असं नाही. त्या दिवशी रात्रीची पालेभाजी वगळा, झालं.

मुंबईत खरा घोळ तीन वेळी होतो. एक, जून-जुलैत दादरच्या बाजारात टाकळा, कुरडू, फोडशी येतात आणि आठवडाभर घरात तेच शिजतं. दोन, ऋषिपंचमी: त्या भाजीत अळू, माठ एकदम येतात आणि पातेलं मोठं, त्यामुळे दोन दिवस पुरते. तीन, नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा फळांवर. पहिल्या दोन्हींत आकडा खाली, तिसऱ्यात वर. एका जेवणाला एक वाटी शिजलेली पालेभाजी, आठवड्यातून तीन ठरलेल्या दिवशी, असं बांधून घेतलं की निम्मी डोकेदुखी जाते. उपासाला साबुदाणा-भगर-दाणे खाऊन जेवणाचं प्रमाण ठीक ठेवलंत तर आकडा सहसा हलत नाही. हलतो तो काहीच न खाण्याने.

आणि भाजीपेक्षा मोठा चोर: गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या. मागचं लेबल वाचा. डी३ च्या शेजारी "के२-७" किंवा "एमके-७" लिहिलेलं असेल तर ती गोळी ॲसिट्रॉमवाल्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. के चं हे रूप शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतं, त्यामुळे थोडं असूनही आयएनआर पाडतं. साधं कॅल्शियम-डी३ चालतं.

खालची_आळी

के२-७ बद्दल पहिल्यांदाच वाचलं. भाजीवाल्याला दोष देत बसतात आणि चोर औषधाच्या डब्यात!

केमिस्ट_गल्ली

औषधाच्या डब्यावर आलोच आहोत तर काउंटरच्या या बाजूने बघू.

आयएनआर वाढवणारे नेहमीचे यशस्वी कलाकार: मेट्रोनिडाझोल, जुलाबाला मिळणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, थोड्या प्रमाणात ॲझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल. तोंड आलं म्हणून चोळतात ते मायकोनाझोलचं जेलसुद्धा, आणि हे भलतंच जोरकस आहे. "नुसतं जेल आहे हो" म्हणून कोणी सांगतही नाही. ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन आकडा हळूहळू चढवत नेतं, ॲसिट्रॉमचा डोस चतुर्थांश ते दोन पंचमांशाने उतरवावा लागतो, आणि ते बंद केल्यावरही काही महिने असर राहतो.

पाडणारे: टीबीचं रिफाम्पिसिन हा बाप. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल. रिफाम्पिसिन चालू असताना ॲसिट्रॉमचा डोस दुप्पट-तिप्पट लागू शकतो. खरा धोका मात्र टीबीचा कोर्स संपल्यावर. सगळे पेढे वाटतात आणि ॲसिट्रॉम त्याच चढ्या डोसावर राहते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आकडा वर-वर जातो. कोर्सची शेवटची तारीख आणि त्यानंतरच्या महिन्याच्या साप्ताहिक आयएनआरच्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

वेदनाशामकं: डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. यांचा कावा असा की आयएनआर सुरेख २.७ असतानाही जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. आकडा बघून बेफिकीर राहू नका. दुखण्याला पॅरासिटामॉल, ५०० ची, गरजेपुरती. पण तीही रोज २ ग्रॅमच्या वर सलग तीन-चार दिवस गेली तर आयएनआर चढतो. डेंग्यूच्या तापात नेमकं हेच होतं, दर सहा तासांनी ६५०.

आता गोळीबद्दल. ॲसिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येते. घरात एकाच ताकदीची पट्टी ठेवा. "दोनची एक आणि एकची अर्धी" असं चिठ्ठीवर असलं की घरातला कोणीतरी एक दिवस उलटं देतोच. जवळपास सगळे डोस १ मिलिग्रॅमच्या पूर्ण आणि अर्ध्या गोळ्यांत बसतात. नखाने तोडू नका, गोळी कापायची डबी मिळते. ॲसिट्रॉम आणि ॲझिथ्रोमायसिन ही नावं फोनवर कानाला जवळची वाटतात, तेव्हा फोनवर ऑर्डर देताना "झडपेची गोळी" असं पुढे जोडा किंवा पट्टीचा फोटो पाठवा. ॲसिट्रॉमच्या जागी वॉर्फरिन "तेच आहे" म्हणून कोणी दिलं तर घेऊ नका. ५ मिलिग्रॅम वॉर्फरिन म्हणजे ५ मिलिग्रॅम ॲसिट्रॉम नव्हे, ॲसिट्रॉम मिलिग्रॅमला कितीतरी तिखट आहे.

दवाखाना_दादर

पावसाळ्याची यादी मी पूर्ण करतो.

साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोचा ताप होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायला महापालिका दर वर्षी सांगते. ॲसिट्रॉमवाल्यांनी ते घ्यायचं नाही असं मुळीच नाही, लेप्टो जास्त वाईट. पण डॉक्सिसायक्लिनने आयएनआर वर सरकू शकतो. एकच डोस असेल तर क्लिनिकला कळवून ठेवा. कोर्स असेल तर पाचव्या दिवसाच्या आसपास आकडा बघा.

डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात, आणि इकडे गोळी चालू. दोन्ही मिळून रक्तस्रावाची जोखीम. तरी धातूची झडप असलेल्याने गोळी स्वतःहून बंद करायची नाही. तापाच्या पहिल्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि आयएनआर दोन्ही, आणि त्याच दिवशी झडपेच्या डॉक्टरांना फोन. गोळी थांबवून हेपॅरिनवर (सुईने द्यायचं गुठळी रोखणारं औषध) न्यायचं की कसं, हे भरती करून ठरवायचं काम आहे.

तिसरी गोष्ट आमच्या जमातीबद्दल. ताप आला की दंडात किंवा कमरेत एक सुई, ही अपेक्षा पेशंटची आणि सवय डॉक्टरांची. ॲसिट्रॉमवर असताना स्नायूत सुई म्हणजे आत रक्ताचा गोळा व्हायची भीती. खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे असावं: "ॲसिट्रॉम चालू आहे, सुई नको." लस द्यायचीच असेल तर आकडा पल्ल्यात असताना, बारीक सुईने, आणि नंतर पाच मिनिटं घट्ट दाबून. चोळायचं नाही.

मायट्रल_मावशी

मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं १२ लाखांचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी काय करायचं? तेही कमरेतच असतं आणि ॲसिट्रॉमही चालू असते.

झडपवाला

मावशी, नेमका प्रश्न. दादरकरांचं म्हणणं ताप-सर्दीच्या सुईबद्दल बरोबर आहे, पण बेंझाथिन पेनिसिलिनला ते सरसकट लावू नका. ऱ्हुमॅटिक तापाचा (घशाच्या संसर्गानंतर येणारा, झडपा बिघडवणारा ताप) पुढचा झटका अडवायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. इंजेक्शनच्या आधीच्या आठवड्यातला आयएनआर पल्ल्यात असेल तर ते देतात, आणि नंतर दहा मिनिटं दाब. आकडा वर असेल तर तो खाली येईपर्यंत दोन-तीन दिवस थांबायचं. ज्यांना वारंवार गोळे होतात किंवा ज्यांचं हृदय फार कमजोर झालंय त्यांना पेनिसिलिन व्ही २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तोंडाने, असा पर्याय डॉक्टर देतात. त्यात एकही गोळी चुकवायची सोय नाही, ही त्याची खोट.

दवाखाना_दादर

मान्य. मी घाईत सरसकट लिहिलं.

गोरेगावची_गणिती

नवीन गोळ्या आल्यात ना, ज्यांना आयएनआर लागतच नाही? मग हा सगळा खटाटोप कशाला?

झडपवाला

साध्या अनियमित ठोक्यांना आणि पायाच्या गुठळीला आता बहुतेकांना त्याच देतात, आणि ते योग्यच आहे. दोन ठिकाणी मात्र नाही. धातूच्या झडपेला डॅबिगॅट्रान ही नवी गोळी देऊन पाहिली होती. २०१२ साली तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. आणि ऱ्हुमॅटिक आजाराने मायट्रल झडप आकसलेली असून ठोके अनियमित असतील तर तिथेही नाही: २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात रिव्हारोक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले. आपल्याकडे हे दोन्ही गट मोठे आहेत, म्हणून ॲसिट्रॉम इथून इतक्यात हलत नाही.

आता डोसाचं गणित, कारण गणितीबाई आहेतच. विचार आठवड्याच्या बेरजेत करायचा. रोज २ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला १४. नमुना पुन्हा तपासला, भाजी, औषधं, चुकलेली गोळी सगळं विचारून झालं, कारण सापडलं नाही आणि आकडा खरंच कमी आहे, तर बदल ५ ते २० टक्क्यांत. दहा टक्के म्हणजे १.४. सोमवारी आणि गुरुवारी अडीच, बाकी दिवस दोन: बेरीज १५, साधारण सात टक्के वाढ. शनिवारीही अडीच केली तर १५.५, अकरा टक्के. "उद्यापासून रोज तीन" म्हणजे एकदम पन्नास टक्के! झोपाळा सुरू होतो तो इथून.

आधी महिनोन् महिने स्थिर असलेल्या माणसाचा एखादाच आकडा पल्ल्याच्या ०.५ खाली किंवा वर गेला, तर डोस तोच ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बघणं हे मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. काही न करणं हाही एक निर्णयच असतो. अर्थात हा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा, धाग्याने नाही.

गोळी संध्याकाळी घ्यायची. का, तर सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट आणि बदल त्याच रात्रीपासून. चुकली आणि रात्री झोपण्याआधी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, वहीत फुली मारा, दुप्पट घेऊ नका. ॲसिट्रॉमचं शरीरातलं आयुष्य ८ ते ११ तासांत निम्मं होतं, वॉर्फरिनला दीड दिवसाच्या पुढे लागतं. म्हणून ॲसिट्रॉमची एक चुकलेली गोळीसुद्धा दोन दिवसांनी आकड्यात दिसते.

दातकोरणं

याच फरकावरून दातांकडे आणि ऑपरेशनकडे वळू. "ऑपरेशनआधी पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद" हा नियम वॉर्फरिनचा. ॲसिट्रॉमला सहसा तीन दिवस पुरतात. पाच दिवस म्हणजे दोन दिवस झडप उगाच उघड्यावर. चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि बंद करायची तारीख दोन्ही लिहून मागा.

एक-दोन दात काढायला तर गोळी बंदच करायची नाही. आदल्या २४ ते ७२ तासांतला आयएनआर साडेतीनच्या आत असला की पुरे. सकाळची वेळ घ्या आणि आठवड्याच्या सुरुवातीची, म्हणजे रात्री झिरपलं तर दवाखाना उघडा सापडतो. खळग्यात विरघळणारा स्पंज, टाका, त्यावर गॉज अर्धा तास घट्ट चावून. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या (रक्तस्राव थांबवणारं औषध) ५ टक्के द्रावणाच्या चुळा, १० मिली, दिवसातून चारदा, दोन दिवस. गरम चहा आणि स्ट्रॉ त्या दिवशी नको.

कृत्रिम झडप असेल तर हिरडीला हात लागणाऱ्या कामाआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकच डोस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० हा एक पर्याय; क्लिंडामायसिन आता यादीतून काढलंय. एका डोसाने आयएनआरला फरक पडत नाही. पुढे पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स "सवयीने" लिहिला तर पडतो.

माहेरवाशीण

झडप बसवलेल्या पुष्कळ मुली पंचविशी-तिशीतल्या असतात. पाळी आणि गरोदरपणाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून.

प्रसूतीकक्ष

ताई, बरं झालं आठवण केलीत.

पाळीत रक्तस्राव वाढतो, ते "चालायचंच" म्हणून सोडायचं नाही. दर तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा सात दिवसांच्या पुढे जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. ॲसिट्रॉम बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन बऱ्याच जणींना लागू पडतं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळायच्या, त्याने गुठळीचा धोका वाढतो.

गरोदरपण ठरवून. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळ्यांमुळे बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतात. अडचण अशी की पाळी चुकल्याचं लक्षात येऊन दवाखान्यात येईतो सातवा आठवडा लागलेला असतो. म्हणून पाळी दोन-तीन दिवस पुढे गेली की लगेच घरी चाचणी. त्या सहा आठवड्यांत हेपॅरिनवर जायचं की गोळीच ठेवायची, हे डोसावर ठरतं. ॲसिट्रॉम दिवसाला २ मिलिग्रॅमच्या आत किंवा वॉर्फरिन ५ च्या आत असेल तर बाळाचा धोका कमी असतो. दुसरीकडे हेपॅरिनवर झडपेला गुठळीचा धोका जास्त. हेपॅरिनची पोटावरची सुई घ्यायचं ठरलंच तर नुसत्या वजनावर डोस धरून चालत नाही, अँटी-टेन-ए ही हेपॅरिनचा असर मोजणारी तपासणी परत परत करत डोस बदलावा लागतो. छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंतपणाच्या तयारीसाठी गोळी बंद करून हेपॅरिन. गोळीवर असतानाच कळा सुरू झाल्या तर बाळाच्या डोक्यात रक्तस्रावाची भीती असते, तेव्हा सिझेरियन करतात. नाव अशाच रुग्णालयात घाला जिथे हृदयरोग विभाग आणि प्रसूती विभाग एका आवारात आहेत. केईएम, सायन, नायरला ही सोय आहे.

खालची_आळी

आकडा फारच वर आला, समजा ६, पण रक्त कुठून येत नाहीये. घरात ठेवलेली के ची गोळी द्यावी का?

झडपवाला

नाही! धातूची झडप असेल तर मुळीच नाही. साडेचार ते दहाच्या मध्ये, रक्तस्राव नसेल, तर साधारण एक-दोन डोस गाळून २४ ते ४८ तासांत पुन्हा तपासतात. ॲसिट्रॉमचा आकडा तसाही लवकर उतरतो. के चा मोठा डोस दिला तर आकडा १ वर येतो, पुढचे आठवडाभर गोळीला दाद देत नाही, आणि तेवढ्या काळात झडपेवर गुठळी बसू शकते. दहाच्या वर असेल तर डॉक्टर तोंडाने थोडा के देतात, तेही मोजून.

थेट इमर्जन्सीत जायचं ते कधी: काळी डांबरासारखी शौच, लघवीतून लाल, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, अचानक प्रचंड डोकेदुखी. आणि डोक्याला मार. लोकलच्या दाराला डोकं आपटलं, बाथरूममध्ये घसरून पडलं, वर टेंगूळही नाही, माणूस हसतोय. तरी सीटी स्कॅन. आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

उलट्या बाजूची खूण फारशी कोणाला माहीत नसते. धातूच्या झडपेचा टकटक आवाज येतो. रात्री शांततेत घरच्यांनाही ऐकू येतो. तो आवाज मंद झाला, बोदा झाला किंवा थांबला आणि सोबत धाप लागायला लागली तर झडपेची चकती गुठळीने अडकली असू शकते. त्या दिवशीचा आयएनआर बघत बसायचं नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर १०८ किंवा मिळेल ती टॅक्सी. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ड्रिप लावत वेळ काढण्यापेक्षा सरळ मोठं रुग्णालय गाठा, इको आणि झडपेचा स्क्रीनिंग एक्स-रे दोन्ही रात्री होतात अशा ठिकाणी.

गोरेगावची_गणिती

वहीत काय काय लिहायचं? एका ओळीत सांगा.

निळंझाकण

तारीख, आयएनआर, लॅब, आठवड्याचा एकूण डोस, चुकलेल्या गोळ्या, आणि "वेगळं काय" असा एक मोठा रकाना. शेवटचा रकाना रिकामा ठेवणारे लोक दर वेळी डोस बदलून घेतात.

पालेभाजी

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी एवढंच: निघायच्या आठ दिवस आधी आयएनआर, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे बदल झाला तर परत बघायला वेळ राहतो. गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांच्या जास्त, कारण परतीचं तिकीट आणि घाट दोन्ही आपल्या हातात नसतात. त्यातल्या निम्म्या पर्समध्ये, निम्म्या बॅगेत. आणि ऋषीची भाजी दोन वाट्यांऐवजी एक वाटी.

मायट्रल_मावशी

एक वाटी कसली, त्या भाजीची वाटी कोणी मोजतं का!

पालेभाजी

मावशी, मोजू नका. त्या दिवशी मोठं पातेलं चुलीवरून उतरलं की आपली वाटी आधी काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीची उरलेली गरम भाजी बाकीच्यांना वाढा.